सातच्या पुढचे आकडे

बाबा: पुन्हा. काठी ओढताना श्वास सोडू नकोस. श्वास सुटला की ब्रश हलतो.

लेक: धरला होता, बाबा.

बाबा: मग ही अशी का उभी आहे? पेंगुळलेल्या पहारेकऱ्यासारखी. पूस. फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडव आणि पत्रा खालून वर पूस.

लेक: आठच दिवस झालेत मला शिकायला लागून. तुम्ही चाळीस वर्षं तबकड्या रंगवताय.

बाबा: आठ दिवसांत मी दुकानाच्या पाट्या करायला लागलो होतो. असो. काऊंटरवर तिकिटं फाडणारा हात आहे तुझा, त्याला एवढं झेपतंय हेच खूप.

लेक: सात सांगा ना. गेले तीन दिवस मी एकच गिरवतेय.

बाबा: सातची एवढी काय घाई? एक सरळ आला की निम्मे आकडे आले. रोमन आकड्यांत आहे काय? काठी, चिमटा आणि कातर. एकाची काठी, पाचाचा चिमटा, दहाची कातर. घड्याळाला चौथं काही लागत नाही.

लेक: शाळेत होतं हे. पाचवीत. बाई सांगायच्या, मोठ्याच्या डावीकडे छोटा आला की वजा करायचा, उजवीकडे आला की मिळवायचा.

बाबा: ते बरोबर आहे. पण चार त्या बाईंसारखा काढू नकोस. चिमट्याआधी काठी वहीत चालते. तबकडीवर चाराच्या चार काठ्या.

लेक: का?

बाबा: समोर आठ असतो. तो जाड. इकडचा चार किरकोळ दिसला तर सगळी तबकडी एका अंगाला झुकल्यासारखी वाटते. खालून बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण डोळ्याला खुपतं. ही माझ्या गुरूंची शिकवण.

लेक: म्हणजे आठ असतो समोर.

बाबा: असतो म्हणजे? आठाशिवाय घड्याळ असतं का?

लेक: नाही. सात दाखवा ना कागदावर.

बाबा: आण. हा चिमटा. याचा डावा पाय जाड, उजवा बारीक. ब्रश न उचलता दाब कमी करायचा. मग दोन काठ्या. प्रत्येक काठीला वर टोपी, खाली जोडे. झाला सात. तू सारखा कागद का सरकवतेस माझ्या हाताखालचा?

लेक: टेबलाच्या कडेला आला होता. उजवीकडे. आता आठ?

बाबा: आणखी एक काठी. नऊ म्हणजे काठी आणि कातर, अकरा म्हणजे कातर आणि काठी. बघ, हात कसा आहे माझा. थरथर आहे कुठे? त्या दवाखान्यातल्या पोरीला दाखवायला पाहिजे. म्हणे, काका, कागदावरच्या सगळ्या रेघांवर फुल्या मारा. मारल्या. तर ती तोंड पाडून बसली. मी म्हटलं, बाई, मी फुल्या मारून दोन पोरं मोठी केली.

लेक: मला म्हणाली ती, काकांच्या फुल्या फार सुबक होत्या.

बाबा: मग.

लेक: बाबा, आपली मनोऱ्याची तबकडी झाली का पूर्ण?

बाबा: बारा आणि सहा राहिलेत. ते दोघं शेवटी. ओळंब्याची दोरी सोडून, एका दमात काढायचे. बाकीचे काल दुपारीच झाले, तू होतीस की इथे.

लेक: मोजून दाखवा ना. मला जागा लक्षात ठेवायच्यात.

बाबा: हा एक. दोन. तीन. चार. पाच. झाले.

लेक: आणि सात?

बाबा: आहे की.

लेक: कुठे?

बाबा: सात जिथे असतो तिथे. परीक्षा घेतेस का माझी? दार वाजतंय बघ. मिस्त्री असेल. त्याच्याशिवाय असं कोणी दार बडवत नाही.

मिस्त्री: पेंटर, आहात का जागे? मी म्हटलं, मनोऱ्यावर चढायच्या आधी एकदा वधूमुखदर्शन करून यावं. आजवर बसवलेल्या घड्याळांत तुमची तबकडी म्हणजे... 

बाबा: बोल की. जीभ टाळूला चिकटली?

मिस्त्री: नाही. बघतोय.

बाबा: बघ, बघ. आजारातून उठल्यावरचं पहिलं काम आहे. डावा हात साथ देत नाही, पण मला डावा लागतो कुठे?

लेक: काका, उन्हातून आलात, आधी पाणी घ्या. बाहेर या ना.

(बाहेरची खोली. मधलं दार लोटलेलं.)

मिस्त्री: अगं, अर्धी तबकडी कोरी आहे.

लेक: हळू बोला.

मिस्त्री: तू फोनवर म्हणालीस, काम चालू आहे. मी त्या भरवशावर उद्या सकाळची क्रेन सांगितली. दमले का ते? की रंग संपला?

लेक: त्यांना वाटतंय की झालं.

मिस्त्री: म्हणजे नजर गेली.

लेक: नजर शाबूत आहे. डॉक्टरांनी दोनदा समजावलं, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं. डोळ्यांना सगळं दिसतं, पण झटका मेंदूत अशा जागी बसलाय की डावी बाजू म्हणून काही असते, हेच त्यांच्या मनातून गेलंय. आपल्या पाठीमागचं जसं आपल्याला अंधारल्यासारखं दिसत नाही, ते नसतंच, तसं. दाढी करतात ती एकाच गालाची. ताटातली उजवीकडची भाजी संपवतात आणि विचारतात, आज एवढंसंच का वाढलंस.

मिस्त्री: मग तू काय करतेस?

लेक: ताट फिरवते. मग उरलेलं जेवतात.

मिस्त्री: सांगून बघितलंस?

लेक: सांगितलं. हसले. दुसऱ्यांदा सांगितलं तर दोन दिवस अंथरुणातून उठलेच नाहीत. व्यायाम नाही, आंघोळ नाही. दादा फोनवर म्हणतो, कशाला त्यांना रंगात हात घालू देतेस. त्याला काय कळणार. सकाळी उठायचं त्यांच्याकडे हे एकच कारण आहे, काका. तबकडी आहे म्हणून चप्पल घालतात.

मिस्त्री: आणि तू ब्रश घेऊन बसलीस ती...

लेक: सात ते अकरा शिकून घेते आणि ते दुपारी झोपले की भरून टाकते, असं ठरवलं होतं. त्यांच्याच तोंडून शिकायचं, त्यांच्याच वळणाचं. त्यांना कळणारही नाही कोणी भरलं. काल जाड कागदावर काढून पाहिले पाचही. बघा हे.

मिस्त्री: वाईट नाहीत.

लेक: काका.

मिस्त्री: बरं, वाईट आहेत. पण मनोरा साठ फूट उंच आहे.

लेक: ते खालून बघायला येणार आहेत. खुर्चीवर बसवून न्या म्हणालेत.

मिस्त्री: आले तरी त्यांना अर्धीच... माफ कर. तोंडातून गेलं.

लेक: मीही तो विचार केलाय. तुम्ही पहिले नाही.

मिस्त्री: नगरपालिकेच्या ऑफिसातल्या साहेबांनी एक छापील तबकडी मागवून ठेवलीच आहे. म्हणाले, रंगारी आजारी माणूस, हाताशी दुसरी असू दे. उद्या आठ वाजता दोन्हींतली एक चढवायची. मी भांडलो त्यांच्याशी. म्हटलं, मनोऱ्यावरची तीस वर्षांपूर्वीची त्यांच्या हातची आहे, पुन्हा त्यांच्याच हातची बसेल.

लेक: मला माहीत आहे तुम्ही भांडला असाल ते.

मिस्त्री: थांब जरा. ताट फिरवलं की जेवतात ना?

लेक: हो.

मिस्त्री: मग तबकडी फिरवू. वरची बाजू खाली. कोरा भाग त्यांच्या उजवीकडे येईल. आकड्यांचे पाय मधल्या भोकाकडेच असतात, तेव्हा कुठूनही रंगवता येते. हात तर त्यांचा चोख आहे. तासाभरात पाच आकडे होतील, रात्रभर वाळतील.

लेक: हे मला का नाही सुचलं?

मिस्त्री: तू पोटची पोर आहेस. मी मिस्त्री. चल, मी धरतो त्या टोकाला.

(आतली खोली.)

बाबा: काय कुजबुज चालली होती? तबकडीला हात कशाला लावता?

मिस्त्री: मागचे स्क्रू बघायचे होते, पेंटर. थोडी फिरवतोय. झालं, ठेवली.

बाबा: हे काय?

लेक: काय, बाबा?

बाबा: आकडे कुठे गेले? इथे माझे आकडे होते. काल दुपारी काढलेले. कोणी पुसले?

मिस्त्री: पुसले नाहीत हो, ते बघा, या बाजूला आहेत. इकडे. माझ्या हाताकडे बघा. डावीकडे.

बाबा: बघितलं.

मिस्त्री: काय दिसतं?

बाबा: तबकडी दिसते, दुसरं काय दिसणार. कोरी करकरीत. सहा तास पाठ मोडून बसलो होतो मी. कोणी पुसले ते सांगा.

लेक: मी.

मिस्त्री: अगं...

लेक: मी पुसले, बाबा. रात्री चुकून हात लागला, रंग ओघळला. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही.

बाबा: तरीच म्हटलं, एवढी शिकायची हौस कुठून आली. आणि शेंबूड पुसल्यासारखं फासलं नाहीस, स्वच्छ पुसलंस. एवढं तरी शिकलीस. रडू नकोस. वाळायच्या आत पुसलंस, पत्रा खराब झाला नाही. ब्रश दे. बारीक नाही, तो मधला.

लेक: हा घ्या. बाबा, इथून सुरू करायचं ना? ही वरची पहिली जागा?

बाबा: हो.

लेक: इथे सात येईल.

बाबा: काय येईल?

लेक: सात. मग आठ, नऊ, दहा, अकरा. आताच दाखवलेत ना मला, तसे. बाकीचे आधीच झालेत.

बाबा: मिस्त्री, हिला विचार, तबकडीच्या डोक्यापासून उजव्या हाताला पहिला आकडा कुठला असतो.

लेक: एक.

बाबा: मग?

लेक: पण आज आपण...

बाबा: आज काय? आज घड्याळ सातपासून लागणार? एवढी घड्याळं पाहिलीस, एकात तरी डोक्याशेजारी सात पाहिलास?

मिस्त्री: पेंटर, माझं ऐका. ती बरोबर सांगतेय. तबकडी उलटी ठेवलीय आपण.

बाबा: उलटी असती तर मला कळलं नसतं? एकही आकडा नाही हिच्यावर. कोऱ्या पत्र्याला उलटं-सुलटं असतं का, मिस्त्री? तुम्हा दोघांना ऊन लागलंय. सरका, उजेड अडतोय. हा एक.

मिस्त्री: (हळू आवाजात) थांबव त्यांना. एक ते पाच दोनदा होतील.

लेक: कशी थांबवू?

मिस्त्री: हात धर.

लेक: तो एकच हात उरलाय.

बाबा: दोन. ये, जवळ ये, बघ कसा ओढतो. काल तू पाठमोरी होतीस. टोपी शेवटी, आधी काठ्या. दोघींच्या मधली जागा काठीएवढीच. मोजून नाही, नजरेनं.

मिस्त्री: काय सरळ काठी आहे. मी आयुष्यात असा एक काढला नाही कधी.

बाबा: तीन. कालच्यापेक्षा बरं होतंय. खरं सांगू का, काल माझंच मन लागत नव्हतं. पुसलंस ते एका परीनं ठीकच झालं.

लेक: हो, बाबा.

मिस्त्री: (हळूच) ऐक, मी निघताना सांगतो की उद्या गाडी येईल. ही गाडीत घालतो, माझ्याकडे ठेवतो नीट कापडात गुंडाळून. वर छापील चढवतो. साठ फुटांवरून काय कळतंय त्यांना.

लेक: त्यांना कळेल. दुसऱ्याचा चिमटा त्यांना रस्त्याच्या पलीकडून कळतो.

मिस्त्री: मग यातले पाच पुसून तू भर. आज दुपारी, ते झोपले की.

लेक: ते काढतायत ते पुसू? पुन्हा?

मिस्त्री: मग काय करायचं, ते तूच सांग. मी घड्याळं दुरुस्त करतो, बाई. याच्यात मला काही समजत नाही.

बाबा: काय म्हणतोय तो?

लेक: काही नाही. छान झालेत म्हणतायत.

बाबा: चार. चार काठ्या, लक्षात ठेव. आणि हा पाच. चिमट्याचा हा पाय बघ, कसा उतरलाय. दम लागला थोडा, पण झाले. पुन्हा सगळे झाले. दुपारच्या आत.

मिस्त्री: येतो मी, पेंटर.

बाबा: अरे, बस. बारा आणि सहा बघून जा. तेवढं बघितल्याशिवाय कसला जातोस? पोरी, ओळंबा सोड. आणि ब्रश तू धर.

लेक: मी?

बाबा: तू. बारा तू काढ. कातर आणि दोन काठ्या, आठवडाभर तेच तर करतेयस. हात बसलाय तुझा, मघाशी सरावाच्या पत्र्यावरचं बघितलं मी. उगाच नावं ठेवत होतो. तबकडीवर तुझा एक आकडा असू दे.

लेक: बाबा, मला नाही जमायचं.

बाबा: जमेल. मी शेजारी आहे.

लेक: बारा कुठे काढू?

बाबा: हे काय विचारणं झालं? वर.

लेक: हो. वर.