बारा फुटांखालची पिन

साहेब, पोहण्याच्या तलावाचं पाणी हिरवं केलंत तुम्ही, आणि कामावरून काढायची नोटीस दिलीत तलाव सांभाळणाऱ्याला. काल तुमच्या दाराबाहेरच्या बाकावर तो आणि त्याची बहीण बसली होती. मी शेजारीच होतो.

"दादा, आत गेल्यावर मान खाली घालू नकोस."

"या साहेबांच्या बैठकीत पंपाचा आवाज येतो म्हणून आठ दिवस पंप बंद ठेवायला लावला. शेवाळ धरणारच ना?"

"मग क्लोरीन टाकायचंस."

"हुकमाप्रमाणे तीन डबे टाकले. पाणी ढिम्म. पाण्याचा पीएच चढलेला असला, आम्ल कमी पडलं की क्लोरीन नुसतं झोपा काढतं."

"हे यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, शहाणपणा शिकवू नका."

"आणि तू गप्प बसलास."

"गप्प बसलो, पण आधी मापून ॲसिड घातलं, पीएच उतरवला. ऊन कलल्यावर क्लोरीन टाकलं. भिंती घासल्या, पंप चालू ठेवला. दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर, अगं, पाणी आहे की नाही तेच कळेना. बारा फुटांखाली कुणाची तरी केसांची पिन पडलेली, तिच्यावरचा गंजसुद्धा दिसत होता. वीस वर्षं हेच काम करतोय, तरी काठावर बसून बघत राहिलो."

"काढलीस पिन?"

"हात नाही लावला. यांना दाखवायला ठेवलीय."

संध्याकाळी शिपाई तुमच्या दाराचं कुलूप घेऊन आला, तरी तुमचं बोलावणं आलं नाही. साहेब, तलाव तुमच्या खिडकीखालीच आहे. ती पिन बघायला कधी उतरताय?