माह्या पेटीले लगेज म्हनते!

...लगेज म्हने! माह्या पेटीले लगेज! तुमीच सांगा, बावा, जिच्या सुरावर आमचं अख्खं इंझोरी गाव जयंतीच्या रात्री मान डोलावते, ते लगेज असन काय? कपड्यायची पेटी नाई हो, वाजवाची पेटी, हार्मोनियम! आमची गायन पार्टी हाय ना, मी देवमन पेटीवर, अन् माही बायको विमलबाई गाते, त्या दिवशी संध्याकाळी कारंज्याले कार्यक्रम, अन् ज्याची गाडी सांगतली होती त्या लेकाच्यानं ऐनवक्ती फोनच बंद करून टाकला! ढोलकीवाला अन् कोरसवाले गेले मोटरसायकलीनं, राह्यलो आमी दोघं अन् पेटी. चढलो बसमधी. समोरचं एक सीट खाली दिसलं, विमल खिडकीजवळ, मी बाजूले, पेटी मांडीवर... जरा टेकलो नाई तं आला कंडक्टर!

रतनसिंग त्याचं नाव. मिशी अशी, का पह्यले मिशी येते अन् मांगून तो. म्हने, "पेटी कोनाची? लगेज हाय हे! डिक्कीत टाका, नाईतं उतरा खाली!"

डिक्कीत! आता डिक्कीत काय होतं? सिमेंटची पोती, एक पंप अन् लोखंडी पाइप! अन् त्याच्यात माही पेटी? अहो, तिच्या आतले सूर किती नाजूक! मांगच्या साली ऑटो एका खड्ड्यात आदळला, तं एक पट्टी अशी बिघडली का भर गान्यात शेळीवानी बेंऽऽ करे, अन् लोकं आमच्या विमलकडे पाहे! आज बिघडली तं कार्यक्रमच गेला ना? मी म्हनलं, "भाऊ, डिक्कीचं नंतर पाहू. पह्यले लगेज म्हंजे काय, हे तं सांगा!"

तो म्हने, "लगेज म्हंजे माल."

"अन् माल म्हंजे काय?"

"माल म्हंजे लगेज!"

मांगच्या सीटवर आमच्या शाळेचे इंग्रजीचे हरीओम सर बसले होते. हा मानूस वर्गात पोट्ट्यायले झोपवते, पन बसमधी स्वतः झोपत नाई. नाकावरचा चष्मा वर करून म्हनते कसे, "त्याचं असं आहे देवमनभाऊ, इंग्रजीत 'लग' म्हणजे ओढणे, फरफटत नेणे. जे फरफटत न्यावं लागतं, ते लगेज."

मी म्हनलं, आयका! मी पेटी फरफटत आनली काय? लेकरावानी छातीशी धरून आनली! तं विमल म्हने, "मंग लगेज मी हावो. मलेच हे गावोगाव फरफटत नेऊन राह्यले." अन् अख्खी बस हासून राह्यली! अवं, तू कोनाच्या पार्टीतली?

बरं, सर तिथंच थांबतीन तं सर कायचे? म्हने, "आणि माल हा शब्द अरबीतून आला. अर्थ काय? धन, मालमत्ता!" मले बरं वाटलं. मी म्हनलं, "बरोबर! पेटी माही मालमत्ता हाय!" तं रतनसिंग म्हने, "झालं ना मंग? माल हाय असं तुमीच म्हनून राह्यले. डिक्की!"

सांगा, इकून बी डिक्की, तिकून बी डिक्की! अन् बाजूले गोजराबाई पिशवीत कोंबडी घेऊन बसली होती, पिशवी कुकूक करून राह्यली, तिले कोनी इचारलं? मी बोट दाखवलं तं बुढी माह्यावरच उखडली, "माह्या कोंबडीचं नाव नको घेऊ, देवमन! तिच्यात जीव हाय. तुह्या डब्ब्यात हाय काय?"

डब्बा!... डोकंच फिरलं माह्यं. झाकन काढलं, भाता सोडला अन् एक सूर असा धरला, असा धरला, का गोजराबाईची कोंबडी बी चूप! ड्रायव्हरनं गाडी हळू केली. मी म्हनलं, "आयका! श्वास घेते का नाई? लगेज श्वास घेते काय? लगेज म्हंजे काय, हे तं सांगा!"

रतनसिंगनं जरा वेळ मिशीवर हात फिरवला. मले वाटलं, पाघळला मानूस. तं म्हनते कसा, "काका, पटलं मले. जीव हाय तिच्यात. लगेज नोहे, प्रवासी हाय. काढा फुल तिकीट!"

फुल! अहो, मी पासष्टीच्या वरचा, माह्यं अर्धं! विमलचं बाईमानूस म्हनून अर्धं! अन् आमच्या घरात पुऱ्या तिकिटाची एकटी कोन, तं पेटी! मी उभा झालो, म्हनलं, अन्याय हाय हा! तं हरीओम सर पुन्हा चष्मा वर करून म्हनते, "कंडक्टर साहेब, व्याकरणानं पेटी स्त्रीलिंगी आहे. ती पेटी! तिलाही अर्धंच लागेल."

सगळी बस ओरडून राह्यली, "अर्धं! अर्धं!" गोजराबाई बी पिशवी हालवून ओरडे, "बाईमानसाले अर्धं!" रतनसिंगनं पेटीचं अर्धं तिकीट फाडलं. मी म्हनलं, जितलो गड्या! पेटी सीटवर ठेवून खिशात हात घातला, तिकीट घेतलं, अन् बसाले वळलो...

तं त्यानं खिडकीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'महिलांसाठी राखीव.'

म्हने, "काका, आता दोन्ही महिला बसल्या. तुमी उभे राहा."

कारंजा येईलोक उभा होतो, बावा, दांडा धरून! अन् विमलकडे आशेनं पाह्यलं, तं ते काय म्हने माहीत हाय?

"जरा तिकडे सरका ना. तिले वारा लागू द्या."