माझ्या नावावरची वर्सं

मी मूळची तासगावची, सुमन नाव माझं. आमची काय द्राक्षबाग न्हवती, दुसऱ्याच्या बागेत डिपिंगला, म्हंजी घड औषधात बुडवायला जायची मी. नवरा लवकर गेला, लेक शिकली, लगीन करून न्यू जर्सीला आली, आन ग्रीनकार्ड करून तिनं मला बोलावलं, तवा मी बावन्न वर्सांची. लेकीकडं नुसतं बसून खायचं जिवावर आलं, मग जवळच्याच आयसेलिन गावात एका आज्जींना घरी सांभाळायचं काम धरलं.

सहा वर्सं केलं बघा. आंघोळ घालायची, गोळ्या द्यायच्या, मऊ भात भरवायचा. घरातली सगळी मला मावशी म्हनायची, दिवाळीला साडी द्यायची, आन पगार रोख, पाकिटातनं. लेक म्हनायची, आई, टॅक्स कापून चेक द्यायला सांग त्यांना. तर मीच तिच्यावर खेकसायची, घरच्यासारखं वागवतात गं, त्यांच्याकडं कागद कसा मागू, मला लाज वाटती.

आज्जी गेल्या. मग लेकीनं कम्प्युटरवर सोशल सिक्युरिटीचं माझं पान उघडून दाखवलं. हितं टॅक्स भरलेलं दहा वर्सांचं काम नावावर लागतं, तर म्हातारपनी पेन्शन. माझ्या पानावर एकबी वर्स न्हवतं. काय सांगू तुम्हाला, लई रडले. राग त्यांचा न्हाई, माझाच आला, मावशी म्हटलं की मी इरघळले.

पुढं पिस्कॅटवेला एका काकांचं काम आलं, नागपूरचे, अर्धं अंग गेलेलं. त्यांची सून प्राजक्ता चहा घेऊन आली, तर मी कप हातात घ्यायच्या आधीच बोलले, पोरी, मावशी म्हन नायतर नको म्हनू, पर टॅक्स कापून चेक पायजे. ती म्हनाली, मावशी, आम्ही तसाच देणार होतो, तुमच्या पगारातून सोशल सिक्युरिटीचे जेवढे पैसे कापले जातील, तेवढेच आमच्या खिशातून भरावे लागतात. पयला चेक आला तवा कापलेला आकडा बघून वाईट वाटलं जरा, खोटं कशाला बोलू. पर पुढच्या वर्सी लेकीनं पान उघडलं, तर माझ्या नावापुढं वर्स दिसलं. मी त्याच्यावरनं बोट फिरवलं.

आता पाच झाली, पाच राहिली. गुडघे कुरकुरतात, पर मी थांबायची न्हाई. सकाळी काकांना उठवून बसवताना मी म्हनते, काका, अजून पाच वर्सं तरी जगा, तुमच्यासाठी थोडं, माझ्यासाठी जास्त. ते अर्ध्या तोंडानं हसतात, सावकाश म्हनतात, सात जगतो. देव त्यांना शंभर देवो.