नुसतं वाचणारं यंत्र

सिन्नरच्या बसमध्ये बाळ माझ्या मांडीवर झोपलं होतं. पुढच्या सीटवर पांढरी काठी घेतलेली बाई आणि तिचा नवरा. अंधांसाठीचं वाचनयंत्र नाशिकात नुसतं पाहून परतत होते.

"छाया, ते फक्त वाचतं गं. मोबाईल वाचतो, फोन लावतो, नोटापण ओळखतो."

"आणि पोरांना गेम देतो, भाऊजींना क्रिकेट दाखवतो."

"तुझ्यासाठीच घेतलाय ना? मागितलास की देतात."

"देतात हो. अर्ध्यात परत नेतात. गोष्टीतली बाई परवापासून विहिरीवरच उभी आहे माझी."

"मग गाणीपण लागतात ते यंत्र घेऊ."

"नको. गाणी असली की सासूबाई मागतील."

"नुसतं वाचणारंच?"

"हो. ते घरात दुसऱ्या कुणाला लागणारच नाही."

त्याने वरच्या फळीवरची पिशवी खाली काढली.

"ऊठ. नाशिक रोडला उतरून मागे फिरू. दुकान उघडं असेल अजून."