बशीरची हलकी गाडी

बशीरच्या दारात आज भारी गाडी हाय, पण मला आठवते ती त्याची जुनी खटारा गाडीच. इंजिनाला दम नव्हता, म्हणून आमच्या पेणच्या सदू मूर्तिकाराने तिला फायबरचे दरवाजे, फायबरचं बॉनेट आणि काचांऐवजी प्लास्टिक बसवलं. गाडी पळायला लागली, तसा बशीर ती घेऊन रोह्याला मुलगी मागायला गेला.

आम्ही आठजण दोस्त टेम्पोने मागोमाग. तो आत सरबत पीत होता, तेवढ्यात दरवर्षी गणपती उचलणाऱ्या आमच्या हातांनी गाडी उचलून ओट्यावर ठेवली.

मुलीचे वडील बाहेर आले. "ही वर कशी चढली?"

बशीर पांढराफटक! लग्न मोडलंच म्हणायचं.

मी म्हटलं, "चाचा, हलकी हाय. वाऱ्याने उडाली असंल."

चाचांनी गाडीच्या दरवाजावर टिचकी मारली आणि खो-खो हसले. "बशीर, मुलगी दिली. पण तिला न्यायला एसटीने ये."