चेअरमनचा कोरा चहा

— अहो, तसं सांगून न्हाई भागायचं, पावणं. दुधाचं नको, तुपाचं नको, दह्याचं नको म्हणलात, आता त्यो सिद्दीक आत जाऊन आईला सांगणार गिऱ्हाईक आजारी दिसतंय — आन् इमामबी पडली मायेची बाई, ती मऊ भात टाकणार आन् वर तुपाची धार सोडणार. पोटाला बरं म्हणून! या, हिकडं बसा माझ्यासमोर. खुर्ची जरा हलती, पण बसा. सिद्दीक, ह्या पावण्यांना माझ्यासारखंच ताट लाव रे! — बास. एवढं म्हणलं की कळतं त्याला. आता बघा काय येतंय ते. बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची आमटी, मिरचीचा ठेचा, कांदा. आन् आज मासवडी हाय. दचकू नका, नावाला मासा, वर बेसन आन् आत तीळ-खोबरं. दुधाचा थेंब लागला नसंल अशी भांडी हायेत ही, मी सोता बघून घेतलंय आत जाऊन.

मी का बघून घेतलं? — आता आली का पंचाईत. कारण मी बी तुमच्यातलाच. तुम्ही पुण्याच्या बाजूचं दिसताय, तुमच्याकडं त्याला नाव तरी हाय, दुकानं हायेत, मागितलं तर मिळतं. आमच्याकडं न्हाई. मी हौसराव. राहूच्या अलीकडं आमचं गाव, आन् गावच्या दूध संस्थेचा मी चेअरमन. — हसा. हसा की, लाजताय काय. दुधाचा चेअरमन आन् दुधाला शिवत न्हाई, ह्याला हसू नाय यायचं तर कशाला यायचं? मी बी हसलो असतो. फकस्त जरा हळू हसा, दौंड हाय हे, आमच्या तालुक्याचं गाव, कोण कुठनं टपकंल सांगता येत न्हाई. म्हणून तर मी रुळाच्या ह्या अंगाला येऊन जेवतो. — घ्या, आलं ताट. भाकरी मोडा गरम हाय तवर.

कसं लागतंय भरीत? — न्हवं का! मी सुरवातीला लई घाबरलो व्हतो, आता खायचं काय म्हणून. मग एक दिवस बसून इचार केला तर आपली निम्मी चूल बिनदुधाचीच. हुलग्याचं शेंगोळं, पिठलं, ठेचा, मटकी, भाजी-भाकरी — आपला आज्जा हेच खाऊन मरंस्तवर नांगर धरत व्हता. घरात अडचण न्हाईच. अडचण घराच्या बाहेर. सोलापूर रोडला कासुर्डीच्या पुढं ढाब्यावर बसा, रोटी आली की बटर फासून. नको म्हणलं तर वाढपी म्हणतो, काका, एक्स्ट्रा पैसा नहीं लगेगा! शिरूरला बाजाराला गेलो की मटकीची भेळ खातो, ती चालती. परवा सगळी संचालक मंडळी वढूला दर्शनाला गेलो, येताना ह्यांनी लस्सी मागवली — मी म्हणलं माझा घसा धरलाय. आता घसा किती वेळा धरायचा माणसाचा?

कवापासनं म्हणता? — दोन उन्हाळं झालं. तुमच्यावानी वाचून-बिचून न्हाई झालं माझं. आमची गाय व्याली, गोऱ्हा झाला. गोऱ्ह्याला आता कोण इचारतंय, औताला ट्रॅक्टर हाय, गाडीला टेम्पो हाय. त्याला पाजायला मी हात आखडला. दूध डेअरीला घालायचं म्हणून. न्हाई, सगळीच आखडत्यात, पण मी बी आखडला, हे खरं. गेला त्यो. आन् वासरू न्हाई म्हणल्यावर गाय पान्हा सोडंना. मग जुनी रीत — वासराच्या कातड्यात भुस्सा भरायचा, टाके घालायचं, गाईच्या म्होरं उभं करायचं. माझ्या बापानं केलं, मी बी केलं. ती बिचारी रोज त्याला चाटायची, चाटून चाटून त्याचं केस गळलं, आन् मी खाली बसून धार काढायचो. एक दिवशी त्याला चाटून झालं आन् तिनं मान वळवून माझी मानगूट चाटली. अशी, हिथं. — कायतरीच वाटलं बघा. बादली तशीच ठेवून उठलो. त्या रात्री दुधाचा ग्लास तोंडाला लावला आन् घोट खाली उतरंना. तवापासनं न्हाई उतरला.

पण मी काय साधू झालो न्हाई, पावणं. गोठ्यात अजून चार गाया हायेत माझ्या, संस्थेला दूध घालतो, पैसा घेतो. माझं मलाच कळतं हे ढोंग हाय. घरातली रोज न चुकता ग्लास भरून ठेवती उशाला — चेअरमन मानूस, फिरून फिरून दमतो म्हणून. मी तिला काय सांगू? तिचं माहेर दुधाचं, तिचा सगळा जीव त्या गोठ्यात. मी ग्लास घेतो, ओट्यावर जातो आन् कुत्र्याच्या ताटलीत वततो. कुत्रं असं फुगलंय, गावात म्हणत्यात चेअरमनच्या कुत्र्याला बी मानधन चालू हाय. आन् हिथं सिद्दीककडं येतो तर गावात काय उठलंय ठाऊक हाय? हौसरावांच्या गळ्यात माळ हाय, पण चोरून मटण खायला दौंडला जात्यात! म्हणलं म्हणू द्या. मटणाचा आळ परवडला, वांग्याचं भरीत सापडायला नको.

— आमटी वाढू का अजून? घ्या, लाजू नका. — व्हय, हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखंच व्हतं. मी बी नेत व्हतो. पण आता त्यात एका बाईचं वाटोळं व्हायला लागलंय. जाऊ द्या, तुम्ही जेवा. — न्हाई, सांगतो. कुणाला तरी सांगितलंच पायजे, आन् तुम्हाला सांगून माझं काय बिघडणार.

कस्तुराबाई म्हणून हाय आमच्यात. नवरा गेलेली बाई, दोन गाया, त्यावर घर चालतं. स्वच्छ बाई. कासंला गरम पाण्याचा हात लावल्याबिगर धारंला बसायची न्हाई. आन् मधी काय झालं, वरच्या डेअरीनं आमचा टँकर परत लावला, दुधात भेसळ हाय म्हणून. कुणाची ते कळंना, मशीनवर सगळ्यांचं दूध पास. गावात जो त्यो दुसऱ्याकडं बघायला लागला. त्यातच संस्थेचं इलेक्शन लागलं आन् आम्ही घरोघर फिरायला निघालो — मी, आमचा व्हाइस चेअरमन विश्वजीत, आन् दोन-चार जण. फिरायचं म्हंजी चहा. चहा नाकारला तर मत गेलं. सकाळी महेंद्रच्या घरी गेलो, त्यो विरोधातला, तिथं मी दोन वर्सांत पयल्यांदा डोळं मिटून दुधाचा चहा घशाखाली घातला. बशी बी पुसली. आन् तिथनं गेलो कस्तुराबाईकडं. ती मला भाऊ मानती. भाऊबीजंला ववाळती. आपलंच घर म्हणून मी सैलावलो, वसरीवर टेकलो, आन् आत कप वाजलं तसं तोंडातनं गेलं — "बाई, मला कोरा टाक गं."

तुम्हाला काय वाटलं न्हाई न्हवं ह्यात? शहरात कोण बी कोरा पितंय. आमच्याकडं कोरा चहा म्हंजी घरात दूध न्हाई, न्हाईतर सुतक हाय. दुभत्या घरात बसून कोरा मागणं म्हंजी त्या घरच्या दुधाला नाव ठेवणं. आन् मागितला कुणी? हौसरावनं. पावणं, सोताच्या तोंडानं सांगू नये, पण पंचक्रोशीत माझ्या जिभंची पारख म्हाईत हाय. थेंब जिभंवर ठेवला की पाणी किती, पावडर किती, सांगायचो. मशीन नव्हतं तवा मीच मशीन. त्या माणसानं महेंद्रच्या घरचा दुधाचा प्याला आन् हिचा न्हाई प्याला. विश्वजीतनं त्याचा कप न पिता खाली ठेवला. मग सगळ्यांनीच ठेवलं. ती बाई पदराला हात पुसत दारात उभी. मला तवाच बोलायचं व्हतं. जीभ टाळ्याला चिकटली बघा, त्या एवढ्या मोठ्या पारखीची जीभ.

सांजच्यापातूर गावभर — चेअरमननं चोर वळखला! दुसऱ्या दिवशी केंद्रावर तिची किटली बाजूला ठेवली. मशीनवर फॅट बरोबर लागलं तर म्हणत्यात मशीनला कळत न्हाई असं कायतरी घालती. तिच्याकडनं रतिबाचं दूध घेणारी दोन घरं व्हती, ती बी तुटली. आता ती सकाळची धार काढती आन् दूध नासतं. — मी म्हणलो की! म्हणलो, माझी तब्येत बरी नव्हती. तर विश्वजीत म्हणतो, महेंद्रकडं बरी व्हती व्हय आप्पा? तुम्ही मनानं मोठं हाय, झाकताय तिचं. म्हंजी मी तिला वाचवायला गेलो की ती जास्तच चोर ठरती. आन् तुम्ही आता जे इचारणार ते मी बी केलं. गेलो तिच्या घरी, म्हणलं बाई, चहा टाक, दुधाचा, गावाच्या देखत पितो. तिनं सगळं कप पालथं घातलेलं व्हतं. माझ्यासमोर उभी राहिली, डोळ्यात पाणी न्हाई, काय न्हाई, आन् म्हणली —

"आप्पा, चहा मागू नका. माझ्या दुधात तुम्हाला काय दिसलं, तेवढं सांगा."

मी म्हणलं, बघू, मीटिंगमधी बघू. असं म्हणलं मी, पावणं. तिनं मला ववाळलंय त्या हातानी. लाज वाटती मला, जेवताना बी वाटती, आत्ता ह्या घासाला बी वाटती. मला सोताचं पुण्य पायजे व्हतं, गाईच्या डोळ्याला डोळा देता यावा म्हणून, आन् त्याचा भुर्दंड भरतीय ती.

ती मीटिंग आज हाय. दुपारी. कस्तुराबाईचं सभासदत्व बंद करायचं का, एवढाच इषय. — खरं सांगून टाका म्हणता? म्हणायला सोपं हाय. उभं राहून काय सांगू, मी दूध सोडलंय? दोनशे घरं त्या दुधावर जगत्यात. म्हणतील, ज्याला दुधाची किळस यायला लागली त्यो आमच्या दुधाला भाव काय मागणार. खुर्ची जाईल, इलेक्शन जाईल, घरातली तोंड फिरवंल, ग्लास आन् कुत्रं दोनी कळंल तिला. पोरं माझ्या मागं गाईसारखी हंबरतील. — पण तुमचं बरोबर हाय. एक खुर्ची आन् एका बाईची अब्रू, ह्यात तोलायचं काय? काल रातीपासनं झोप न्हाई. म्हणून तर सकाळीच हिकडं आलो, म्हणलं पोटभर जेवावं, मन घट्ट करावं आन् थेट मीटिंगला जावं. तुम्ही भेटला ते बरं झालं. ह्या जगात आपल्यासारखं दुसरं कोण हाय, चारचौघात मागून खातं, लाजत न्हाई, हे बघूनच जरा धीर आला. सांगतो आज. असं उभं ऱ्हायचं आन् म्हणायचं — मंडळी, कस्तुराबाईच्या दुधात खोट न्हाई. चहा मी नाकारला कारण मी दूधच सोडलंय, दोन वर्सं झाली, तिचं न्हाई, सगळ्यांचंच. बास. हाय काय त्यात? दुसऱ्या वाक्याला संपलं. म्हणून दाखवू का परत? कसं वाटलं तुम्हाला? — व्हय ना? येतंय ना तोंडात बरोबर?

मग ती बी कप सुलटं करंल. म्हणंल, आप्पा, आधी सांगायचं न्हाई व्हय, कोरा तर कोरा, त्यात काय —

— आं? कोण? आरं, या, या विश्वजीतराव! हिथं कसं काय? — मला शोधत? गाडी घेऊन आलाय? वा, वा. बसा की. सरका जरा पावणं, त्यांना बसू द्या. — मटण? छ्या, छ्या, कोण म्हणतं! हे बघा की ताट, वांगं हाय. पोट जरा... व्हय, तेच ते. हलकं जेवण. — सिद्दीक, विश्वजीतरावांना चहा सांग रे. — मला? मला बी, मला बी सांग. — कोरा? आरं, कोरा कशाला देतोस येड्या, रोजचं काय रोजचं? चांगला दुधाचा टाक. दाट.

हां, बोला. — सगळी जमलीत? — ती बी आलीय? कवाची आलीय? — एकटीच बसलीय, कोण बोलंना तिच्याशी, आसं. — हं. — मला इचारत व्हती? — न्हाई, माझं काय म्हणणं असणार. तुम्ही तरुण मंडळी, तुम्ही ठरवलंय तर इचार करूनच ठरवलं असंल. संस्थेचं नाव राहिलं पायजे. ठराव तुम्ही मांडा, सही मी करतो. — आला का चहा? आन.

— हे? हे व्हय? न्हाई, वळखीचं न्हाईत. टेबलाला जागा नव्हती म्हणून बसलेत. — जेवण झालं न्हवं तुमचं, पावणं? मग उठा की. आमचं जरा संस्थेचं बोलणं चाललंय.