उतारवयातली सायकल

अगं, परवा काय झालं! सकाळच्या कडाक्याच्या थंडीत मी गिअरची सायकल बाहेर काढली, तर आमचे धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, साठी उलटली. उतारवयात हे कसले उद्योग? थांबा, सोबतीला येतो."

मुलाची सायकल घेऊन आले. पेठ रोडच्या टेकडीवर चढलो दोघं. उतारावर मात्र दवाने दगड निसरडे झाले होते. भाऊजी खाली उतरून सायकल ढकलू लागले. मी सीटवरून उठले, मागे रेलले आणि ब्रेक हलके दाबत थेट पायथ्याशी!

ते टपरीवर पोहोचले तेव्हा माझा चहा संपत आला होता.

"वहिनी, पडला नाहीत तुम्ही?"

म्हटलं, "भाऊजी, उतारवयाचं हेच तर सुख. पायडल मारावं लागत नाही!"